इबूंचा चष्मा कुठे आहे?

‘आंघोळ झाली का?’

अमेरिकेत हा प्रश्न मला आजवर एकाच माणसाने विचारला आहे. तोही भर दुपारी तीन वाजता, फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसच्या दारात, मी पायजम्यावर कचऱ्याचा डबा आत ओढत असताना. आणि दुर्दैव असं, की झाली नव्हती.

न होण्याला कारण होतं. डॉट-कॉमचा फुगा फुटला त्यात माझी कंपनी गेली, आणि कंपनीच्या मागोमाग माझा व्हिसा. बायकोची नोकरी शाबूत राहिली, म्हणून मी तिच्या व्हिसावर ‘अवलंबित’ झालो. कागदावर शब्दच तो होता. मला नोकरी करायला बंदी. बायको सकाळी सातला गाडी घेऊन फ्रीवेवर, आणि मी घरात. अशा माणसाने आंघोळ करायची ती कोणासाठी?

प्रश्न विचारणाऱ्या बाई शेजारच्या घरात नव्याने आल्या होत्या. इंडोनेशियातल्या मलांगच्या. साठी ओलांडलेली, उंची माझ्या खांद्यापर्यंत, अंगात बाटिकचा पायघोळ झगा, त्याखाली मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज आणि डोक्यावर बागकामाची टोपी. त्यांचं इंग्रजी असं, “यू बाथ ऑलरेडी?”

मी मान हलवली. त्यांनी पुढचे प्रश्न काढले. जेवलास का? काय जेवलास? कुठे निघालास? बायको कुठे गेली? मुलं किती? नाहीत? का नाहीत? मग मला आपादमस्तक न्याहाळून त्या समाधानाने म्हणाल्या, “पोट सुटलंय. छान.”

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. इथे सगळे ‘कसे आहात’ म्हणतात आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जातात. या बाई थांबल्या होत्या. टोपी मागे सारून, उत्तराची वाट बघत. मला एकदम साताऱ्याची मावशी भेटल्यासारखं झालं. तीही दारात पाऊल टाकायच्या आधी ‘जाड झालास रे’ म्हणते आणि मगच पाणी देते.

मी त्यांना इबू म्हणायला लागलो. इबू म्हणजे आई, आणि बाईसुद्धा. त्या मला मास म्हणत, म्हणजे दादा. त्यांच्याकडे कोणालाही नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हुकूम सोडला, “मास, आंघोळ कर आणि चार वाजता गॅरेजमध्ये ये.”

गॅरेजमध्ये शाळा होती.

दर मंगळवारी आणि गुरुवारी चारच्या सुमाराला इबू मुलाची जुनी गाडी बाहेर काढून रस्त्यावर लावत, रिमोटचं बटण दाबत, गॅरेजचं दार कुरकुरत वर जाई, आणि आत वॉशिंग मशिन आणि हिवाळी टायर यांच्यामधल्या चटईवर आठ इंडोनेशियन मुलं मांडी घालून बसत. वयं पाच ते आठ. सगळी नुकती आलेली. इबूंनी मलांगच्या बालवाडीत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि नातवाला सांभाळायला म्हणून आल्यावर तो एकच उद्योग त्यांना सुचला होता. मुलं त्यांना ‘बू गुरू’ म्हणत. गुरू म्हणजे गुरूच. हा शब्द समुद्र ओलांडून तिकडे कधी गेला कोण जाणे, पण कॅलिफोर्नियातल्या गॅरेजमध्ये तो मला भेटला तेव्हा मी त्याला मनातल्या मनात कडकडून मिठी मारली. चित्रांचे पत्ते दाखवून शब्द विचारायचं काम माझ्याकडे आलं, आणि मुलं मला ‘ओम’ म्हणत. ओम म्हणजे काका. माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर मला देव्हाऱ्यात बसवलं असतं.

आत आलं की प्रत्येक मूल इबूंचा हात हातात घेऊन कपाळाला लावी. मग माझा. बेकार माणसाचा हात आठ मुलं रांगेने कपाळाला लावतात तेव्हा त्या माणसाला कसं वाटतं, ते बेकार झाल्याशिवाय कळणार नाही.

बोट दाखवायला मात्र गॅरेजमध्ये सक्त मनाई. तर्जनी रोखणं म्हणजे उद्धटपणा. दाखवायचं ते उजव्या हाताची मूठ वळून, अंगठ्याने, किंचित वाकून. एकदा मी रस्त्यावर उभा राहून ‘शाळा कुठे आहे?’ असं विचारलं, तर आठही मुलांनी फुटपाथवर ओळीत उभं राहून, वाकून, अंगठे बाहेर काढले. इथे रस्त्याकडेला अंगठा काढणं म्हणजे लिफ्ट मागणं, तेव्हा पलीकडून येणारा एक पिकअप करकचून थांबला. आतल्या दाढीवाल्या गृहस्थाने काच खाली करून मला विचारलं, “एवढ्या पोरांना घेऊन कुठे निघालात हो?” इबू पुढे झाल्या आणि त्यांनी त्यालाच विचारलं, “यू इट ऑलरेडी?” त्याला दोन केळी देऊनच सोडलं.

आता इबूंच्या शिकवण्याबद्दल. सुरुवातीला माझं मत स्पष्ट होतं की त्या शिकवत नाहीत, फक्त वस्तू हरवतात.

वर्ग सुरू झाला की पाचव्या मिनिटाला त्या छातीवर हात मारून ओरडत, “अदुह! माझा चष्मा! माझा चष्मा कुठे आहे?” की मुलं चौफेर उधळत. चष्मा कधी ड्रायरमध्ये, कधी तांदळाच्या पोत्यात, एकदा तर टायरच्या पोटात. ‘सापडला’ एवढं म्हणून भागत नसे. इबू डोळे मिचकावत म्हणत, “मला दिसत नाही. सांगा, कुठे? कशाच्या खाली? कोणत्या रंगाच्या?” आणि पोरं जिवाच्या आकांताने इंग्रजी बोलत. व्याकरणाचा खिमा होई, पण चष्मा सापडे. पुढच्या वेळी किल्ली. मग रिमोट, आणि त्या दिवशी गॅरेजचं दार अर्ध्यावर अडकलेलं, पालक बाहेर वाकून आपापल्या मुलांच्या पायांशी बोलताहेत. त्याच सुमाराला माझा डाव्या पायाचा बूट गेला. मी तीन आठवडे तो शोधत होतो.

मी काळजीत पडलो. एका शनिवारी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन म्हटलं, “आईंना एकदा डॉक्टरांना दाखव. फार विसरायला लागल्यात.”

तो इतका हसला की त्याच्या हातातला बागेचा पाइप माझ्यावर फिरला. “आई? घरात माझे मोजे कोणत्या खणात आहेत ते तिला पाठ आहे. चष्मा फक्त मंगळवारी आणि गुरुवारी हरवतो. मलांगला तीस वर्षं हरवत होता.”

मी ओलाचिंब, तसाच इबूंकडे गेलो. त्या मिरच्या वाटत होत्या. म्हणाल्या, “मास, तू मुलांना मांजराचं चित्र दाखवतोस आणि विचारतोस, हे काय? तुला माहीत आहे. मुलाला माहीत आहे. मग विचारतोस कशाला? मूल म्हणतं, एक तर हा मला वेडा समजतो, नाहीतर हाच वेडा आहे. दोन्ही बाबतीत गप्प बसणं बरं. म्हणून जे माहीत असेल ते विचारायचं नाही. माहीत नसेल तेच विचारायचं.”

“पण चष्मा कुठे आहे ते तुम्हाला माहीत असतं.”

“ते त्यांना माहीत नसतं,” इबू म्हणाल्या, आणि वाटलेल्या मिरचीचं बोट माझ्या नाकाशी आणून मला पिटाळून लावलं.

मुलांमध्ये पुत्री नावाची सहा वर्षांची मुलगी होती. दोन वेण्या, आणि कायम दोन्ही बाह्यांमध्ये लपलेले हात. चष्मा सगळ्यांत आधी तिलाच सापडे. पण ती बोलत नसे. गुपचूप जाई, चष्मा काढी, आणून इबूंच्या मांडीवर ठेवी आणि जागेवर बसे. एक शब्द नाही. इबू म्हणत, “मला दिसत नाही, कुठे आहे?” की ती उठून चष्मा त्यांच्या नाकावर चढवून परत येई.

तिची आई बेकरीत ब्रेड पॅक करायच्या कामावर होती. वसंताच्या सुमाराला एका गुरुवारी ती गॅरेजमध्ये केक घेऊन आली. पिवळा, वर चेरी. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पुत्रीच्या शाळेतून पत्र आलं होतं, तिला खास वर्गात घालणार म्हणून. “स्पेशल क्लास, इबू! आमची पुत्री स्पेशल!”

इबूंनी पत्र माझ्याकडे दिलं. मी वाचलं. पुत्री वर्षभर शाळेत एकही शब्द बोललेली नव्हती. तपासणीसाठी एक बाई येणार होत्या. तेव्हाही ती बोलली नाही, तर तिला मतिमंद मुलांच्या वर्गात पाठवायचं होतं, दुसऱ्या शाळेत, बसने. आणि त्या वर्गातून परत येणारं मूल माझ्या ऐकिवात नव्हतं.

मी इबूंना इंग्रजीत सांगितलं, इबूंनी आईला त्यांच्या भाषेत. आईने केक कापायला घेतलेली सुरी केकमध्येच राहिली. तो केक वॉशिंग मशिनवर संध्याकाळपर्यंत तसाच होता. कोणी हात लावला नाही.

मला वाटलं, आता ही माझी वेळ. मी कॉलेजात एकांकिकेत काम केलेला माणूस, उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलेला. पुढचे दहा दिवस रोज मी पुत्रीसमोर चित्रांचे पत्ते घेऊन बसलो. मी मांजर झालो. मी कुत्रा झालो. सफरचंद होणं अवघड असतं, पण मी झालो. बाकीची मुलं टाळ्या वाजवून ‘पुन्हा एकदा, ओम!’ म्हणत. पुत्री माझ्याकडे अतीव करुणेने बघे. शेवटी तिने मला पाण्याचा पेला आणून दिला.

बायको म्हणाली, “अरे, यार, तू काय करतोयस? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू नाटकं करतोस! आणि ती बाई काय करतेय?”

ती बाई काहीच करत नव्हती. तेच माझं दुखणं होतं. मी चिडून विचारलंच, “इबू, तुम्ही तिची तयारी का करून घेत नाही?”

“तिची झाली आहे,” इबू म्हणाल्या. “तपासणाऱ्या बाईंची व्हायची आहे.”

तपासणीच्या दिवशी पुत्रीच्या आईला सुट्टी मिळाली नाही. तिने शाळेला चिठ्ठी दिली, की ओळखीची माणसं म्हणून आम्ही दोघं सोबत बसू. शाळेने परवानगी दिली, एका अटीवर. मोठ्यांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

तपासणाऱ्या बाई उंच, भारदस्त, थकलेल्या. सकाळपासूनची तिसरी शाळा असावी. टेबलावर पत्त्यांचा गठ्ठा, फॉर्म आणि सोनेरी काडीचा चष्मा. अजून परीक्षा सुरू व्हायची होती, म्हणजे बोलायला मोकळीक होती. इबूंनी पुढे होऊन त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, वाकल्या, आणि प्रेमाने म्हणाल्या, “यू आर फॅट! व्हेरी हेल्दी!”

त्या बाई आ वासून उभ्या. मी मध्ये पडून हवामानाबद्दल काहीतरी बरळलो. या गोंधळात इबू मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्यासुद्धा, मांडीवर हात ठेवून, गाईसारख्या गरीब.

बाईंनी पहिला पत्ता उचलला. “हे काय आहे?”

मांजर. पुत्री मांजराकडे बघते, बाईंकडे बघते, गप्प.

“आणि हे?”

सफरचंद. पुत्रीने हात बाह्यांत ओढून घेतले.

सहा पत्ते झाले. बाईंनी उसासा टाकला आणि फॉर्मवर लिहायला पेन उचललं. मला वॉशिंग मशिनवर वाया गेलेला तो केक दिसायला लागला. बाईंनी चष्म्यासाठी हात टाकला. टेबलावर चष्मा नव्हता. त्यांनी फॉर्म उचलला, पत्ते उचलले, केसांत चाचपलं, पर्स उलटी केली. आणि स्वतःशीच, खऱ्याखुऱ्या त्रासाने पुटपुटल्या, “आता कुठे ठेवला मी चष्मा?”

पुत्रीने मान वर केली.

ती उठली. मला वाटलं, आता नेहमीसारखी गुपचूप आणून देणार. ती इबूंसमोर जाऊन उभी राहिली. इबू छताकडे बघत होत्या. इतकं निष्पाप छताकडे मी आमच्या एकांकिकेतही कोणाला बघताना पाहिलं नाही. पुत्रीने एक हात पुढे केला आणि मागे घेतला. टायरच्या पोटात हात घालता येतो, तांदळाच्या पोत्यात घालता येतो. गुरूच्या खिशात कसा घालणार?

ती वळली. वाकली. उजव्या हाताची मूठ वळून अंगठा इबूंच्या दिशेने धरला, आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, “बू गुरूंकडे आहे. निळ्या खिशात. गोळ्यांच्या खाली.”

बाईंनी उलटी धरलेली पर्स खाली ठेवली.

“तिने घेतला?” बाई म्हणाल्या.

“त्या घेतात,” पुत्री म्हणाली. “दर मंगळवारी आणि गुरुवारी.”

बाई हळूच खुर्चीत बसल्या. “आणखी काय काय घेतात?”

मग जे धरण फुटलं! किल्ली, रिमोट, स्वतःचा चष्मा, आठ वेळा, कुठे कुठे ते क्रमवार. “आणि ओमचा बूट. एकच. तो अजून फ्रीझरमध्ये आहे, माशांच्या मागे.”

चकार शब्द न काढण्याची अट होती, पण “काय?” माझ्या तोंडून गेलंच.

पुत्रीला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. ती बाईंना सांगत होती की काळजी करू नका, त्या परत देतात. पण आधी कुठे आहे ते सांगावं लागतं.

इबू उठल्या. निळ्या खिशातून चार गोळ्या आणि चष्मा काढून, दोन्ही हातांनी, वाकून, बाईंसमोर धरला. “मॅडम, माफ करा. आधीचं तुम्हाला माहीत होतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं.”

बाईंनी चष्मा घातला. इबूंकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता पोलीस. त्यांनी पत्त्यांचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला, फॉर्म उलटा करून पाठकोऱ्या बाजूला लिहायला घेतलं आणि पुत्रीला म्हणाल्या, “त्या बुटाचं पुन्हा सांग बघू.”

पंधरा दिवसांनी शाळेची दोन पत्रं आली. एकात पुत्रीला पहिलीच्या नेहमीच्या वर्गात घेतल्याचं होतं, आणि खाली हाताने लिहिलेला शेरा: मुलगी बोलते. साक्षीदार म्हणून विशेष चांगली. दुसरं पत्र इबूंना होतं. पूर्वपरवानगीशिवाय शाळेच्या आवारात येऊ नये. इबूंनी ते चौकटीत घालून गॅरेजमध्ये, वॉशिंग मशिनच्या वर टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. अंगठ्याने, अर्थात. पुत्रीच्या आईने नवा केक आणला आणि या खेपेला सुरी खालपर्यंत गेली. माझा बूट सापडला, पण त्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही. बायकोने तो घरात घेऊ दिला नाही.

पुढे मला कामाची परवानगी मिळाली, नोकरी मिळाली, रोज वेळेवर आंघोळ होऊ लागली. नातू मोठा झाला तसे इबूंना मलांगचे वेध लागले. त्या गेल्या तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर सोडायला त्यांच्या घरच्यांबरोबर मीही गेलो. पुत्री माझ्या गाडीत होती. आता दहा वर्षांची, च्युइंगगम चघळणारी, तोंड मिटता न मिटणारी. फ्रीवेवर तिने मला अमेरिकन राज्यघटनेपासून स्वतःच्या दाढदुखीपर्यंत सगळं ऐकवलं.

तपासणीच्या रांगेपाशी पुत्रीने इबूंचा हात कपाळाला लावला. मग, काय वाटलं कोण जाणे, मीही वाकून लावला. इबूंनी माझे दोन्ही खांदे धरले, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, “मास, बारीक झालास. वाईट.” आणि टोपी सावरत आत गेल्या. वळून बघितलं नाही.

आम्ही पार्किंगमध्ये आलो. मी कोटाच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या. मग पँटच्या, शर्टच्या. गाडीची किल्ली नव्हती. मी जमिनीवर बघितलं, गाडीखाली वाकून बघितलं. इतक्यात मला ते खांदे धरणं आठवलं, आणि मी मटकन बॉनेटला टेकलो. बाई आत गेलेल्या, विमान तासाभरात उडणार, आणि मी घरापासून तीस मैलांवर.

पुत्री बाजूला उभी होती. चार वर्षांत पहिल्यांदाच गप्प. हात दोन्ही बाह्यांमध्ये.

“पुत्री,” मी म्हटलं, “माझी किल्ली कुठे आहे?”

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं. नेमकं कोण कोणाला बनवतंय, याची खात्री करून घ्यावी तसं.

“ओम, तुम्हाला खरंच माहीत नाही?”

“खरंच नाही गं.”

मग ती किंचित वाकली, आणि बाहीतून अंगठा बाहेर काढून माझ्याच कोटाच्या वरच्या खिशाकडे धरला.